चौथी नळी

१. झाकणाआड काहीच नाही

बंद खोलीतून माणूस नाहीसा होतो, बंद तिजोरीतून हिरा नाहीसा होतो, आणि अशा प्रसंगी शोध कोणी घ्यायचा याची व्यवस्था जगात सर्वत्र आहे. परंतु झाकण लावलेल्या नळीतून डोळ्यांना न दिसणाऱ्या पाच-सहा पेशी नाहीशा झाल्या, तर तक्रार कोणाकडे न्यावी हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणूनच ती तक्रार सोमवारी सकाळी अनुराधा केळुसकर यांच्याकडे आली.

अनुराधाबाई जनुकीय सल्लागार होत्या. शिक्षण पुण्याचे, बिऱ्हाड अल मनखूलमध्ये. दुबईतील कोणत्याही वंध्यत्व-उपचार केंद्राच्या त्या नोकर नव्हत्या. एखादा अहवाल अवघड निघाला की केंद्रे त्यांना बोलावीत आणि त्या त्याचा अर्थ रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगत. ‘समजेल अशी’ आणि ‘आवडेल अशी’ या दोन भाषांत त्यांनी कधीही गल्लत केली नाही, त्यामुळे बोलावणारे डॉक्टर त्यांना थोडे धास्तावूनच बोलावीत.

डॉ. सदानंद हे या केंद्राचे प्रमुख. त्यांच्या टेबलावर ठेवलेला अहवाल मुनिबा आणि हम्माद या जोडप्याच्या पाच भ्रूणांचा होता. प्रत्येक भ्रूणाच्या बाहेरच्या आवरणातून थोड्या पेशी अलगद काढून, त्या पाच इवल्या नळ्यांत घालून, अबुधाबीतल्या अल रीम आयलंडवरच्या प्रयोगशाळेत पाठवल्या होत्या. भ्रूण मात्र केंद्रातच द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवली होती. पहिले, दुसरे आणि पाचवे भ्रूण उघड सदोष निघाली होती. त्यांच्याविषयी कोणाचा वाद नव्हता.

वाद उरलेल्या दोहोंचा होता. तिसऱ्याच्या नमुन्यात सोळाव्या गुणसूत्राची जादा प्रत दिसत होती, पण पूर्ण नव्हे, अर्धवट. काही पेशी सदोष आणि काही निर्दोष असल्या म्हणजे असा आलेख येतो. अशा भ्रूणाला मोझेक म्हणतात. त्यातून निरोगी मूल जन्मल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, गर्भ पडल्याचीही आहेत. आणि चौथ्यापुढे प्रयोगशाळेने लिहिले होते, की नळीत काहीच आढळले नाही.

आलेख गुणसूत्रांच्या बावीस जोड्यांचेच होते. तेविसावी जोडी, जिच्यावरून मुलगा की मुलगी हे कळते, नेहमीप्रमाणे झाकलेली होती. लिंग पाहून भ्रूण निवडण्यास इथल्या कायद्याची मनाई आहे, आणि प्रयोगशाळेचे यंत्र ती पट्टी अहवाल वाचणाऱ्या तंत्रज्ञालाही दाखवीत नाही.

“गुरुवारी तिसरं ट्रान्स्फर करू,” डॉ. सदानंद म्हणाले. “औषधं चालू आहेत, गर्भाशयाचं लायनिंग तयार आहे. चौथं डिस्कार्ड करायला पेशंटची सही हवी, ती देत नाही. तुम्ही जरा समजावा.”

मुनिबा समोरच बसली होती. मूळची श्रीवर्धनची, इथल्या भारतीय शाळेत विज्ञान शिकवणारी, चाळिशीला टेकलेली. यापूर्वी तीन वेळा दिवस राहिले आणि तिन्ही वेळा गर्भ पडला होता. अंडाशयात आता फारसे काही उरलेले नाही, ही शेवटची खेप, हे तिला डॉक्टरांनीच सांगितले होते.

“ताई, मला समजावू नका,” ती शांतपणे म्हणाली. “मी मुलांना शिकवते, की वस्तू नाहीशी होत नाही, जागा बदलते. चौथ्यातल्या पेशींनी कुठली जागा घेतली ते सांगा. मग सही करते.”

अनुराधाबाईंनी अहवाल मिटला. तिच्या वाक्यात चूक काढावी असे काही त्यांना सापडले नाही.

“कुठे गेल्या ते मी सांगतो,” मुनिबाशेजारी बसलेला हम्माद म्हणाला. “आणि कोणी नेल्या, तेही.”

२. मामेभाऊ

हम्मादच्या सांगण्याचा मथितार्थ असा. पेशी काढल्या त्या दिवशी तो कागदांवर सह्या करायला केंद्रात आला होता. लिफ्टमध्ये त्याला हारुन दिसला. हारुन मुनिबाचा मामेभाऊ. रास अल खोरमधील एका वायू पुरवणाऱ्या गोदामात कामाला. एके काळी त्याच्या घरून मुनिबासाठी मागणी आली होती आणि ती मुनिबाने स्वतः नाकारली होती. त्याच हारुनने त्या दिवशी नायट्रोजनची टाकी केंद्रातल्या प्रयोगशाळेच्या दारापर्यंत नेली.

“यांना वाटतं, मी नकार दिलेले पुरुष टाकीत लपून येतात,” मुनिबा म्हणाली.

“लपून कशाला? राजरोस आला. युनिफॉर्म घालून.”

“मग बरंच. माझ्या लग्नालासुद्धा तो राजरोसच आला होता. तुमच्यापेक्षा जास्त बिर्याणी खाल्ली.”

हम्मादचा संशय पोकळ होता हे अनुराधाबाईंनी तिथेच दाखवून दिले. सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणाऱ्या पेशी टाकी ढकलणारा माणूस बंद नळीतून काढील कसा? आणि द्वेषच असेल तर पाचांतून एकच का निवडील? मात्र हारुन त्या दिवशी, त्याच वेळी दाराशी होता, एवढी गोष्ट त्यांनी मनात वेगळी काढून ठेवली. माणसाचा तर्क खोटा ठरला म्हणून त्याने पाहिलेले खोटे ठरत नाही.

जोडपे बाहेर गेल्यावर डॉ. सदानंदांनी दार लोटून आपला संशय मांडला. तो वासुदेव यांच्यावर होता. वासुदेव केंद्राचे ज्येष्ठ भ्रूणतज्ज्ञ. पेशी त्यांनीच काढल्या. त्यांनी गेल्या महिन्यात राजीनामा दिला होता आणि ते अबुधाबीतल्या प्रतिस्पर्धी केंद्रात जाणार होते. जाता जाता या केंद्राचे नाव खराब करायचे, एवढाच हेतू.

“नाव खराब करणारा पाचही नळ्या रिकाम्या ठेवील,” अनुराधाबाई म्हणाल्या. “चार नीट भरून एकच रिकामी ठेवण्याइतका काटकसरी शत्रू मी अजून पाहिलेला नाही.”

मग अल रीमच्या प्रयोगशाळेची चूक असेल, असे डॉक्टरांनी सुचवले. तेही टिकले नाही. वाटेत उष्णता लागली असती तर पाचही नमुने बिघडले असते. शिवाय बिघडलेला नमुना आणि नसलेला नमुना यांत भेद आहे. कुजलेले फळसुद्धा टोपलीत डाग ठेवते. प्रयोगशाळेने ‘वाचता आले नाही’ असे लिहिले नव्हते, ‘काहीच नाही’ असे लिहिले होते. म्हणजे पेशी नळीतून गेल्या नव्हत्या. त्या नळीत कधी गेल्याच नव्हत्या.

“पण वासुदेव आणि त्या दिवशीची साक्षीदार यम्ना, दोघांनीही सांगितलं आहे, की समोरासमोर बसून घातल्या,” डॉक्टर म्हणाले.

“म्हणूनच मला दोघांनाही भेटायचं आहे,” अनुराधाबाई उठल्या. “वेगवेगळं.”

३. खजुराची बशी

वासुदेव मूळचे सावंतवाडीचे. पन्नाशीचे, अंगाने सडपातळ, बोलण्यात ताठ. मंगळवारी त्यांनी अनुराधाबाईंचे स्वागत केले ते कोकणी माणसाने संशय घेणाऱ्या पाहुण्याचे करावे तसे: आधी आदरातिथ्य, मग भांडण. कडक चहा आला. बशीत त्यांनी तीन खजूर ठेवले, क्षणभर थांबून चौथा ठेवला, आणि बशी पुढे सरकवली. अनुराधाबाईंनी एक उचलला. वासुदेवांनी बोलता बोलता लगेच एक स्वतः उचलला आणि हातात तसाच धरून ठेवला. खाल्ला नाही.

राजीनाम्याचे कारण त्यांनी न विचारता सांगितले. पत्नीला अबुधाबीत नोकरी लागली होती. रोज इतक्या लांब जाऊन-येऊन तिची पाठ धरली होती. “सदानंदांना वाटतं मी सूड घेतोय. मला सूड घ्यायचा असता तर मी राहिलो असतो,” ते म्हणाले.

मग त्यांनी कामाची रीत समजावली. पेशींचा पुंजका भिंगाखाली बारीक काचनळीत ओढायचा आणि समोर धरलेल्या नळीत सोडायचा. डोळा एकदा भिंगाला लागला की तो हलवायचा नाही. नळीचा क्रमांक पाहणे, झाकण उघडणे, लावणे, पुढची नळी मांडणे हे सगळे समोर बसलेल्या साक्षीदाराचे काम. त्या दिवशी साक्षीदार यम्ना होती.

“चौथ्याच्या पेशी नळीत पडताना तुम्ही पाहिल्या?”

“या डोळ्यांनी. तिसऱ्याच्याही, चौथ्याच्याही. देवाशप्पथ.”

“चौथ्या नळीत?”

“मॅडम, माझ्यासमोर जी नळी असते ती बरोबरच असते. इतकी वर्षं असते आहे.”

“आणि यम्ना पूर्ण वेळ समोर होती?”

वासुदेवांनी हातातला खजूर शेवटी तोंडात टाकला. तो सावकाश चावून संपवला. “होती,” ते म्हणाले.

अनुराधाबाईंनी बशीकडे पाहिले. दोन खजूर उरले होते. त्यांना या माणसाचे शपथेवरचे वाक्य खरे वाटले, आणि बिनशपथेचे खोटे.

४. टाकी कोणी घेतली?

यम्ना ट्युनिसियाची. दुबईत आल्यावर शिकलेली हिंदी ती अरबी वळणाने, पण बिनचूक बोले. वासुदेवांचा हात तिने पाहिलेल्या हातांत सर्वोत्तम आहे, असे तिने आधीच सांगून टाकले. एकच खोड: चहाला उठायचे असो वा फोन वाजो, काही ठिकाणी ते काम थांबवतात आणि काही ठिकाणी मुळीच थांबवत नाहीत, आणि त्यामागचा नियम तिला कधी कळलेला नाही. स्वतः ती जागेवरून उठली का? नाही. तिसऱ्या नळीचे झाकण तिनेच लावले? हो. चौथीचे?

इथे यम्नाने टेबलावरची लेखणी सरळ केली. “सब बंद था, मॅडम. मैंने देखा. सब बंद. खलास.”

सगळी झाकणे बंद होती, हे ती सांगत होती. ती आपण लावली, हे ती सांगत नव्हती.

दुपारी अनुराधाबाई रास अल खोरला गेल्या. हारुन गोदामाच्या दाराशी टाक्या उतरवून घेत होता. धिप्पाड, हसतमुख, आणि आपल्यावर आळ आला आहे हे त्याला आधीच कळलेले.

“हम्मादभाईंना सांगा, मुनिबानं मला नकार दिला त्याबद्दल मी रोज शुक्रिया अदा करतो,” तो म्हणाला. “लहानपणी कॅरममध्ये हरली की बोर्ड उलटा करायची. संसारात काय केलं असतं?” मग तो गंभीर झाला. “बाई, तिचं काही वाईट व्हावं असं माझ्या मनात येणार नाही. माझी फुफूजान, म्हणजे तिची अम्मी, रोज दुवा मागते तिच्यासाठी.”

त्या दिवशी टाकी कोणी ताब्यात घेतली, एवढेच अनुराधाबाईंनी विचारले. हारुनला आठवायला वेळ लागला नाही. अशी टाकी कॉरिडॉरमध्ये सोडता येत नाही. प्रयोगशाळेतल्या माणसानेच ती आत घ्यावी लागते, आणि खालून घंटी दिली की कोणीतरी यावेच लागते.

“यम्ना मॅडम आल्या. घाईत होत्या, हातात ग्लोव्हज तसेच. मी म्हटलं, काम चालू असेल तर थांबतो. म्हणाल्या, नाही, आतमध्ये थांबवून आलेय.”

अनुराधाबाई गाडीत बसल्या. यम्ना उठली होती. काम थांबवून आली, असे तिला वाटत होते. वासुदेवांनी मात्र ते थांबवले होते का?

आणि थांबवले नसेल, तर चौथ्याच्या पेशी कोणत्या नळीत असतील, हे आता फक्त एका ठिकाणी विचारता येण्यासारखे होते. तिथे हा प्रश्न विचारणेच बेकायदा ठरण्याचा संभव होता.

५. झाकलेली जोडी

झारा ही अल रीम आयलंडवरच्या त्या प्रयोगशाळेची प्रमुख, माहेरची महाडची. तिने फोनवर विषय ऐकला आणि स्पष्ट नकार दिला. “अनुराधामॅडम, तेविसावी पट्टी मी उघडू शकत नाही. माझं लायसन्स जाईल. तुम्हाला रूल माहीत आहे.”

“तुझं लायसन्स मला माझ्याइतकंच प्रिय आहे. नियम काय सांगतो? लिंग कळवायचं नाही. मी लिंग विचारतच नाही. मुलगा की मुलगी, हे तू मला सांगूच नकोस. विचारलं तर फोन ठेव.”

“मग काय विचारता?”

“तिसऱ्या नळीतली झाकलेली पट्टी एका जिवाची आहे की दोघांची, एवढंच. एकाची असेल तर ती कोणाची, हे मला नको. दोघांची असेल तर त्यांतला कोण कोणता, हे तुलाही कळणार नाही.”

क्वालिटी विभागाला विचारून सांगते, इन्शाल्ला संध्याकाळपर्यंत, असे म्हणून झाराने फोन ठेवला.

दरम्यान हम्मादने दोनदा फोन केला. गुरुवारचे काय? शाळेतून मुनिबाने रजा घेतली होती, श्रीवर्धनहून त्याच्या सासूने मन्नत मानल्याचे कळवले होते, आणि डॉक्टर म्हणत होते की तिसरे भ्रूण वाईट नाही. अनुराधाबाईंनी त्याला उत्तर दिले ते त्यांच्या नेहमीच्या भाषेत: तिसरे वाईट आहे की चांगले हे त्यांना ठाऊक नाही, परंतु अहवालात म्हटले आहे तसे ‘अर्धे’ ते बहुधा नाही.

दुपारनंतरची अस्रची नमाज होऊन गेल्यावर झाराचा फोन आला. तिचा आवाज बदललेला होता.

“मॅडम, दोघांची आहे.”

६. दोन अर्धी खोटी

बुधवारी सकाळी डॉ. सदानंदांच्या खोलीत सगळे जमले: मुनिबा आणि हम्माद, वासुदेव आणि यम्ना. अनुराधाबाई उभ्याच राहिल्या. त्या हिंदीत बोलल्या, यम्नालाही कळावे म्हणून. क्वचित एखादे वाक्य मराठीत गेले तर ते वासुदेवांसाठी होते.

“मुनिबाने पहिल्याच दिवशी योग्य प्रश्न विचारला,” त्यांनी सुरुवात केली. “पेशी नाहीशा होत नाहीत, जागा बदलतात. मग एक नळी रिकामी असेल तर दुसरी कुठली तरी दुप्पट भरलेली असली पाहिजे. दुप्पट भरलेली नळी अहवालात कशी दिसेल? एका भ्रूणाच्या साऱ्या पेशी सदोष आणि दुसऱ्याच्या साऱ्या निर्दोष असतील, आणि त्या एकत्र वाचल्या, तर यंत्राला सरासरी दिसेल. अर्धा दोष. आपण त्याला मोझेक म्हणू आणि पुस्तकातले सल्ले देऊ. चौथ्याच्या रिकाम्या नळीला लागून तिसऱ्याची अर्धवट नळी आहे, ही दोन वेगळी दुर्दैवं नाहीत. ती एकच चूक आहे, दोन्ही टोकांनी दिसणारी.”

“नुसता तर्क आहे हा,” डॉ. सदानंद म्हणाले.

“काल दुपारपर्यंत होता. मोझेक भ्रूण एकाच फलित अंड्यातून वाढतं. त्याच्या पेशी आपसांत कितीही भांडल्या तरी सहसा सगळ्या मुलाच्या तरी असतात, नाही तर सगळ्या मुलीच्या. तिसऱ्या नळीत दोन्ही आहेत. हे कोणालाही दिसलं असतं, पण ती पट्टी झाकलेली होती. मुलींना वाचवण्यासाठी केलेला कायदा योग्यच आहे. त्याच्या पडद्यामागे ही चूक बसून राहिली, इतकंच.”

डॉक्टर हार मानणारे नव्हते, आणि त्यांचा पुढचा आक्षेप खरोखर विचार करण्यासारखा होता. आईच्या पेशी नमुन्यात मिसळल्या तरी असेच दिसेल. तसे असेल तर तिसरे भ्रूण पूर्ण सदोष मुलगा ठरते, आणि चौथ्याविषयी काहीच सिद्ध होत नाही.

“आक्षेप उत्तम आहे,” अनुराधाबाई म्हणाल्या. “पण अंड्याभोवतीच्या आईच्या पेशी पहिल्याच दिवशी काढून टाकल्या जातात, आणि वासुदेवांचा हात इतका घाण नाही. शिवाय तुमचा तर्क एक नळी समजावतो, दुसरी तशीच रिकामी सोडतो. माझा दोन्ही समजावतो. ज्या किल्लीनं दोन कुलपं उघडतात ती मी आधी वापरते.”

मग त्या वासुदेवांकडे वळल्या. “आता प्रश्न एवढाच, की चूक तिसऱ्या आणि चौथ्यामध्येच का झाली. वासुदेवराव, तुमच्या आई ताटात तीन पोळ्या वाढायच्या का?”

वासुदेव चमकले. “कधीच नाही. तीन तिगाडा...” आणि ते थांबले.

“काल बशीत तुम्ही तीन खजूर राहू दिले नाहीत. मी एक उचलला तेव्हा तीन उरले. तुम्ही भूक नसताना एक हातात घेऊन बसलात. तुम्ही अंधश्रद्धाळू नाही, हे मला ठाऊक आहे. हाताला लागलेलं वळण श्रद्धेला विचारून चालत नाही. यम्ना सांगते, तुम्ही काही ठिकाणी काम थांबवत नाही. ती जागा म्हणजे तिसरं. दोनावर थांबाल, चारावर थांबाल. तिसऱ्याच्या पेशी नळीत पडल्या, तेवढ्यात खालून घंटी झाली आणि यम्ना उठली.”

मग यम्ना बोलली, सावकाश. आपण उठलो होतो. तिसरीचे झाकण लावायचे राहिले होते, कारण काचनळीत काही उरले नाही ना हे वासुदेव पाहत होते आणि ‘झाले’ म्हणाले नव्हते. थांबा, असे तिने सांगितले होते. परत आली तर ते म्हणाले, चौथे झाले, पाचवी उघड. तिने पाहिले: तिसरीचे झाकण उघडे, चौथीचे बंद. तिला वाटले, त्यांनी चौथी स्वतः उघडून, भरून, बंद केली, आणि तिसरी घाईत उघडी राहिली. तिने तिसरी बंद केली आणि पाचवी मांडली. साक्षीदार जागेवर नसताना पेशी घातल्या गेल्या, हे सांगायची तिला भीती वाटली.

वासुदेवांचा चेहरा उतरला होता. “ती उठायच्या आधी नेहमी पुढची नळी उघडून जाते,” ते म्हणाले. “मी भिंगातून डोळा काढलाच नाही. समोर तोंड उघडं होतं. मी समजलो, चौथी आहे. तिच्यामागे काम केलं हे कबूल करायची लाज वाटली, म्हणून ती समोर होती म्हणालो.”

“दोघांनी अर्धं अर्धं खोटं सांगितलं,” अनुराधाबाई म्हणाल्या, “आणि नळीतल्यासारखंच ते एकत्र वाचल्यावर विश्वास बसण्याजोगं दिसलं.”

हम्माद उठून उभा राहिला होता. मुनिबाने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि तो बसला. राग करायला तिला वेळ नव्हता. ती गणित मांडत होती. “म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्यातलं एक पूर्ण सदोष आहे,” ती म्हणाली. “आणि एक पूर्ण चांगलं.”

“सोळाव्याच्या बाबतीत तसंच. बाकीच्या जोड्यांत काही खोट दिसत नाही.”

“आणि उद्या तुम्ही माझ्या पोटात तिसरं ठेवणार होता. चौथं टाकून देणार होता.”

तिने कोणाकडे पाहून हे म्हटले नाही, पण डॉ. सदानंदांनी मान खाली घातली.

७. चौथ्यांदा

पुढचा निर्णय डॉक्टरांचा नव्हता आणि अनुराधाबाईंचाही नव्हता. दोन्ही भ्रूण पुन्हा वितळवून, पुन्हा पेशी काढून, पुन्हा गोठवता येतात; पण प्रत्येक वेळी भ्रूणाला इजा होण्याचा धोका असतो, आणि एखादे वितळताना टिकतच नाही. अनुराधाबाईंनी हा धोका कमी करून सांगितला नाही. उलट बाजूही तितकीच स्पष्ट सांगितली: न तपासता तिसरे ठेवणे म्हणजे नाणे उडवणे, आणि नाण्याच्या एका बाजूला चौथा गर्भपात लिहिलेला आहे.

“तपासा,” मुनिबा म्हणाली.

मग डॉ. सदानंदांनी अबुधाबीहून दुसरा भ्रूणतज्ज्ञ मागवण्याची तयारी दाखवली. वासुदेव आधीच खुर्ची मागे सारून उठले होते.

“वासुदेवभाऊंनीच करावं,” मुनिबा म्हणाली. “ही चूक ज्यांच्या हातून पुन्हा कधीही होणार नाही, अशी दुनियेत दोनच माणसं आहेत, आणि दोघं इथंच बसलीत. यम्नाही असू दे समोर.”

“आणि टाकी?” हम्मादने विचारले. एवढ्या दिवसांत त्याच्या आवाजात प्रथमच थोडे हसू होते.

“तुमच्या मित्राला, हारुनला सांगा, त्या दिवशी येऊ नकोस म्हणून,” मुनिबा म्हणाली.

दोन्ही भ्रूण वितळवण्यात टिकली. या खेपेस नळ्या दोनच होत्या, आणि पहिली मिटून बाजूला गेल्याखेरीज दुसरी मांडली गेली नाही. वासुदेव प्रत्येक वेळी भिंगातून डोळा काढून क्रमांक स्वतः मोठ्याने वाचत होते. झाराने अहवाल पाठवला तो अनुराधाबाईंनी उभ्यानेच वाचला. तिसऱ्या भ्रूणाच्या प्रत्येक पेशीत सोळाव्या गुणसूत्राची जादा प्रत होती. ते एकाही अर्थाने मोझेक नव्हते. चौथे बावीसही जोड्यांत निर्दोष होते. तेविसावी जोडी, नेहमीप्रमाणे, झाकलेली होती.

महिन्याभराने मुनिबा पुन्हा त्या केंद्रात आली. ऑपरेशन थिएटर आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये एक लहान खिडकी असते. भ्रूण देण्यापूर्वी तिच्यातून नाव आणि क्रमांक मोठ्याने ताडून पाहतात. अनुराधाबाई मुनिबाच्या विनंतीवरून आत आल्या होत्या. हम्माद बाहेर येरझारा घालत होता आणि हारुनने गोदामातून त्याला तिसऱ्यांदा फोन केला होता.

“एक मुलगा होता आणि एक मुलगी,” मुनिबा छताकडे पाहत हळूच म्हणाली. “चौथं कोण, ते तुम्हालाही ठाऊक नाही ना ताई?”

“नाही.”

“छान. मग आपण दोघी सारख्याच.”

खिडकी सरकली. वासुदेवांचा मुखपट्टीमागचा चेहरा दिसला, त्यांच्या खांद्याशी यम्ना. त्यांनी मुनिबाचे नाव वाचले, हम्मादचे वाचले, आणि मग क्रमांक वाचताना त्यांचा आवाज किंचित अडखळला. इतक्या दिवसांत या बाईशी ते सरळ बोलू शकले नव्हते.

“चौथं,” ते म्हणाले.

“चौथंच,” मुनिबाने ताडून दिले. मग मान वळवून तिने त्यांच्याकडे पाहिले. “तीन झाल्यावर मला सगळे थांब म्हणत होते, वासुदेवभाऊ. मीही नाही थांबले.”